वकील मिळाला, पण बचाव मिळाला का?

आपल्या वस्तीतल्या एखाद्या पोराला जन्मठेप लागली की आपलीच माणसे म्हणतात, "कोर्टाने शिक्षा दिली म्हणजे काहीतरी केलेच असणार." त्याचा वकील कोण होता, त्याने किती साक्षीदारांची उलटतपासणी घेतली, हे कोणी विचारत नाही. तुरुंगातल्या माणसाला भेटले की मी आधी वकिलाचे नाव विचारते. अनेकांना तेही सांगता येत नाही. माझे म्हणणे स्पष्ट आहे. वकिलाने बचावच केला नसेल तर ती शिक्षा आव्हान देण्याजोगी आहे, आणि हे आव्हान उभे करायला आंबेडकरी चळवळीने शिकले पाहिजे.

खांडव्याचे प्रकरण घ्या. २०१३ साली मध्य प्रदेशातल्या या जिल्ह्यात एका लहान मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. एका गरीब तरुणाला अटक झाली. १९ फेब्रुवारीला दोषारोप निश्चित झाले आणि त्याच दिवशी न्यायालयाने त्याला वकील नेमून दिला. ४ मार्चला शिक्षा जाहीर झाली : फाशी. म्हणजे वकील मिळाल्यापासून अवघ्या तेरा दिवसांत. उच्च न्यायालयानेही ती कायम केली. १८ डिसेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. वकिलाला कागदपत्रे वाचायला आणि आरोपीशी बोलायला पुरेसा वेळच मिळाला नव्हता, हे त्यामागचे कारण. खटला नव्याने चालला, पुन्हा फाशी झाली, उच्च न्यायालयाने प्रकरण पुन्हा मागे पाठवले आणि अखेर मार्च २०२४ मध्ये तो निर्दोष सुटला. तोवर अकरा वर्षे गेली होती.

वकिलाचा हक्क कोणाच्या मेहेरबानीने आलेला नाही. व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमातून 'ड्यू प्रोसेस'चे संरक्षण गळले, तेव्हा त्याची काही भरपाई म्हणून बाबासाहेबांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी संविधान सभेत नवे कलम मांडले. तेच आजचे कलम २२. अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क त्यातच आहे. पुढे कलम ३९-अ मध्ये मोफत कायदेशीर मदत आली. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कोठडीतल्या कोणालाही उत्पन्नाचा दाखला न देता वकील मिळतो.

मग अडते कुठे? वकीलच नव्हता, असे दाखवता आले तर न्यायालय ऐकते. १९८६ च्या सुक दास निकालात तेच झाले. आरोपीने वकील मागितला नव्हता, तरी त्याला हक्काची माहिती न दिल्यामुळे शिक्षा रद्द झाली. पण वकील होता आणि नुसता उभा राहिला, तर लढाई कठीण होते. जुना वकील अकार्यक्षम होता एवढ्याच कारणावरून साक्षीदार परत बोलावता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटले आहे. अमेरिकेत १९८४ पासून निदान एक ठरलेली कसोटी आहे : वकिलाचे काम किमान दर्जाखाली होते का, आणि त्यामुळे निकालावर परिणाम झाला असण्याची रास्त शक्यता आहे का. आपल्याकडे अशी सुस्पष्ट कसोटी नाही. ती मागणे हे आपले काम आहे.

कारण याचा मार कोणावर बसतो? दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये फाशीच्या कैद्यांचा अहवाल काढला. त्यातले सुमारे तीन चतुर्थांश कैदी मागास जातींचे आणि अल्पसंख्याक समाजांचे होते. ज्याच्याकडे पैसा आहे तो वकील बदलतो. ज्याच्याकडे नाही, त्याच्या नशिबी तारखेला न येणारा वकील. जात इथे फी होऊन समोर येते.

काही कार्यकर्ते विचारतील, "आपण अत्याचारपीडितांच्या बाजूचे. उद्या ॲट्रॉसिटीचे आरोपी हाच मुद्दा घेऊन सुटले तर?" प्रश्न रास्त आहे. पण खांडव्यात त्या मुलीच्या घरच्यांना काय मिळाले? घाईने दिलेली शिक्षा टिकली नाही आणि अकरा वर्षांनी हाती काहीच उरले नाही. पक्क्या बचावासमोर टिकलेली शिक्षाच पुढे अपिलातही टिकते. पीडितेचा न्याय आणि आरोपीचा वकील यांत वैर लावणे आपल्याला परवडणारे नाही.

आता कामाचे बोलू. बचाव झाला नाही, हे नुसते म्हणून चालत नाही, कागदावर दाखवावे लागते. रोजनामा काढा. वकील किती तारखांना गैरहजर होता, हे त्यात सापडते. साक्षीच्या प्रमाणित नकला घ्या. "उलटतपासणी नाही" असा शेरा दिसला की त्यावर खूण करा. कोणता बचावाचा साक्षीदार बोलावलाच नाही आणि त्याने काय फरक पडला असता, हे लिहून काढा. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात जायला साधारणपणे ६० दिवस असतात, फाशी असेल तर फक्त ३०. मुदत गेली असेल तर विलंब माफीचा अर्ज करता येतो. खटला अजून चालू असेल तर शिक्षेची वाट पाहू नका. वकील बदलून द्या, असा लेखी अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आजच द्या आणि पोच घ्या. खांडव्याच्या निकालाने जन्मठेप किंवा फाशीच्या खटल्यात किमान १० वर्षे वकिली केलेला न्यायमित्र आणि तयारीला साधारणपणे किमान सात दिवस सांगितले आहेत. तो निकाल सोबत ठेवा.

'देशाचे दुश्मन' खटल्यात खालच्या न्यायालयाने दिलेली शिक्षा १९२६ मध्ये अपिलात रद्द झाली, तेव्हा जवळकर-जेधे यांच्या बाजूने बॅरिस्टर आंबेडकर उभे होते. प्रत्येक जिल्ह्यात आपले वकील, कायद्याचे विद्यार्थी आणि कार्यकर्ते यांचा एक गट तुरुंगभेटी घेऊन कागद वाचू लागला, तरी कितीतरी बंद फाईली उघडतील. जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग नकलांच्या खर्चासाठी ठेवा. बाबासाहेबांनी वकिलाचा हक्क संविधानात लिहून ठेवला. तो कोठडीपर्यंत पोहोचवणे आपल्यावर आहे.

जय भीम!