वाळूतील जंत

भटक्या कुत्र्यांच्या लसीकरणाची मोहीम चिकाटीने राबवून गोव्याने 2021 साली ‘रेबीज-नियंत्रित राज्य’ असा लौकिक मिळविला. हे यश अभिमानास्पद खरेच. परंतु कुत्र्याचा दात तेवढा घातक आणि विष्ठा निरुपद्रवी, असे मानून चालणार नाही. विष्ठेवाटे पडणाऱ्या अंकुशकृमींच्या अंड्यांतून ओलसर वाळूत अळ्या निघतात व अनवाणी पायाच्या त्वचेत शिरून खाज सुटणारे नागमोडी वळ उठवितात. गोलकृमींची अंडी तर मातीत वर्षानुवर्षे टिकतात. मुलांच्या मातकट हातांवाटे ती पोटात गेली, तर अळ्या यकृतात, क्वचित डोळ्यातही पोहोचून दृष्टी हिरावतात. पर्यटक चार दिवसांनी परततो. रापणकाराची मुले मात्र त्याच वाळूत वाढतात.

‘कुत्री मारा’ ही ओरड आम्हांस मान्य नाही. लस टोचण्यासाठी दरवर्षी धरलेल्या कुत्र्यास त्याच वेळी जंतांचे औषधही द्यावे. किनाऱ्यावरील उष्ट्या-खरकट्यावर ही कुत्री पोसली जातात. त्याची रोजच्या रोज विल्हेवाट लावणे हे पंचायतींचे व नगरपालिकांचे कर्तव्य होय. रेबीजविरुद्ध शासनाने जी शिस्त दाखविली, तीच आता जंतांविरुद्ध दाखवावी, एवढीच आमची मागणी आहे.