अनुराधेतला मधला तारा

पंचांगात अनुराधा सगळ्यांना भेटते, आकाशात तिला शोधणारे थोडे. तांबड्या ज्येष्ठेच्या पश्चिमेला तीन ताऱ्यांची ओळ दिसते. तिच्यातला मधला तारा म्हणजे डेल्टा स्कॉर्पी. २००० साली अर्जेंटिनातील हौशी निरीक्षक सेबास्टियन ओतेरो यांना तो नेहमीपेक्षा किंचित ठळक भासला, तोही नुसत्या डोळ्यांनी. पुढे तो जवळजवळ दुप्पट तेजस्वी झाला.

हा तारा एकटा नाही. स्वतःभोवती गरगर फिरणाऱ्या मुख्य ताऱ्याने विषुववृत्तावरून वायू बाहेर टाकून त्याची तबकडी तयार केली आहे आणि वाढलेले तेज तिचेच. जोडीदार तारा अतिशय लांबट कक्षेत सुमारे १०.८ वर्षांत एक फेरी मारतो. दूर असताना दोघांतले अंतर सूर्य आणि युरेनस यांच्यातील अंतराहूनही जास्त असते. जवळ येतो तेव्हा ते साधारण पृथ्वी-सूर्य अंतराइतके उरते. २००० साली तो असाच जवळ आला होता. साहजिकच त्याच्या ओढीनेच तबकडी उसळली, असे अनेकांना वाटले.

पण या ताऱ्याच्या वर्णपटात तबकडीची पुसट खूण १९९०च्या दशकातच दिसली होती. जुलै २०११मध्ये जोडीदार पुन्हा जवळून गेला. तबकडी विस्कटेल म्हणून व्यावसायिकांबरोबर हौशी मंडळीही वर्णपटमापक लावून बसली होती. तबकडी बऱ्याच अंशी शाबूत राहिली. गाठ आकर्षक होती, पुरावा मात्र तिच्यामागे उभा राहिला नाही. विज्ञानाच्या बातम्या देताना आम्ही वृत्तपत्रवालेही ‘यामुळेच ते’ असे फार लवकर लिहून मोकळे होतो, हे कबूल करायला हवे.

अशा ताऱ्याला दशकानुदशके नोंद ठेवणारे डोळे लागतात. मोठ्या दुर्बिणींचा वेळ एकाच ताऱ्यासाठी रोज मिळत नाही, आणि इतका ठळक तारा अनेक मोठ्या सर्वेक्षणांच्या कॅमेऱ्यांना झेपतही नाही. आपल्या शाळा-कॉलेजांतली खगोल मंडळे मात्र ग्रहणापुरती जागी होतात. ज्येष्ठेचा तारा आणि ओळीतला उत्तरेकडचा तारा यांच्याशी तुलना करून अनुराधेचे तेज वहीत लिहायला एक पैसा लागत नाही. शहराच्या दिव्यांतही हे तारे दिसतात.

२०११ची भेट आपल्याकडे ऐन पावसाळ्यात ढगांआड गेली. पुढची २०३३च्या सुरुवातीला आहे. तेव्हा वृश्चिक पहाटे आग्नेयेला असेल आणि आकाश बहुधा निरभ्र. तुलनेसाठी आधीच्या वर्षांच्या नोंदी लागतील. त्या यंदाच्या उन्हाळ्यापासून सुरू करता येतील.