कळा खऱ्या कीं खोट्या ?

सातव्या महिन्यांत डोहाळजेवण उरकून लेक माहेरीं यावी आणि पुढच्याच पंधरवड्यांत एका रात्रीं तिला कळा येऊं लागाव्या, ही धांदल आमच्या पुष्कळ वाचकभगिनींनीं पाहिली असेल. घरांतील आजीबाई 'खोट्या कळा' म्हणून धीर देतात, आणि बहुतेक वेळां त्यांचेंच खरें होतें. परंतु ज्या थोड्याजणी खरोखरच अवेळीं प्रसूत होणार, त्या ओळखाव्या कशा ? केवळ कळा मोजून तें समजत नाहीं.

गर्भाचें वेष्टण गर्भाशयाच्या अस्तराला जणूं खळीनें डकविलेलें असतें. ही खळ म्हणजे फायब्रोनेक्टिन नांवाचें प्रथिन होय. बाविसाव्या आठवड्यापासून चौतिसाव्यापर्यंत तें योनिमार्गांतील स्रावांत सहसा आढळत नाहीं. आढळल्यास सांधा सुटूं लागल्याची शंका येते. १९९१ सालीं अमेरिकेंत लॉकवुड व त्यांचे सहकारी ह्यांनीं हें दाखवून दिलें. नमुना बोळ्यानें टिपून घेतात. मात्र तो आंतील तपासणीच्या आधींच घ्यावा लागतो, आणि रक्त मिसळल्यास निकाल फसवा ठरतो. सोनोग्राफीनें गर्भाशयमुखाची लांबीही मोजतात. ती २५ मिलिमीटरहून कमी भरल्यास धोका वाढलेला समजतात.

ह्या परीक्षेचें खरें मोल तिच्या 'नाहीं'मध्यें आहे. 'नाहीं' असें उत्तर आलेल्यांपैकीं पुढील आठवड्यांत प्रसूत होणारी शंभरांत एखादीच. 'होय'ची गोष्ट तशी नव्हे. तें ऐकूनही बहुतेकजणींचा आठवडा सुखरूप जातो. तेव्हां 'होय' ऐकतांच घरांत रडारड मांडूं नये.

मग एवढा खटाटोप कशासाठीं ? औषधाची वेळ साधण्यासाठीं. आईला दिलेल्या स्टेरॉइडनें अपुऱ्या दिवसांच्या मुलाचीं फुप्फुसें लवकर पक्व होतात, हें न्यूझीलंडमधील लिगिन्स व हावी ह्यांनीं १९७२ सालीं सिद्ध केलें. पण त्याचा गुण प्रामुख्यानें आठवडाभरांत जन्मणाऱ्या मुलास येतो. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगांत (त्यांत आपलें नागपूर व बेळगांवही होतें) खेडोपाडीं अंदाजानें हें औषध देण्यांत आलें. तें मिळालेल्या पुष्कळ स्त्रिया दिवस भरूनच प्रसूत झाल्या, आणि एकंदर बालमृत्यु घटण्याऐवजीं किंचित् वाढले ! उलट २०२० च्या प्रयोगांत भारतासह पांच देशांतील रुग्णालयांनीं सोनोग्राफीनें दिवस निश्चित करून, लवकरच प्रसूति संभवणाऱ्या स्त्रियांनाच तें दिलें, तेव्हां मृत्यु घटले. औषधाची जात तीच, फरक पारखीचा.

'सातमाशें जगतें, अठमाशें जगत नाहीं' ही समजूत अजून कानीं येते. ती निव्वळ खोटी आहे; पोटांतील प्रत्येक अधिक आठवडा मुलाच्या लाभाचाच असतो.

लेकीस माहेरीं आणतांना तिचा पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीचा कागद आठवणीनें बरोबर घ्यावा, कारण दिवसांची गणती त्यावरच ठरते. जवळपास अपुऱ्या दिवसांच्या मुलांची सोय असलेलें रुग्णालय कोणतें, तेंही आधींच विचारून ठेवावें. पाणी जाऊं लागलें किंवा अंगावरून रक्त गेलें, तर खऱ्या-खोट्याची चर्चा न करतां तिला तडक तेथें न्यावें.