पळस्प्याचा ‘प’

पळस्पे फाट्यावर ज्याची गाडी कधी अडकली नाही असा माणूस रायगड जिल्ह्यात विरळाच. जुन्या मुंबई-पुणे मार्गातून गोव्याचा रस्ता येथे फुटतो, आणि मे महिन्यातील शनिवारी तर तो फुटण्याऐवजी तुंबतो. गेल्या उन्हाळ्यात पेणला एका लग्नास जावयाचे म्हणून आम्ही घरातून निघालो आणि पाचच मिनिटांत त्या रांगेत जाऊन उभे राहिलो. मागील आसनावर सौ., थोरली नात आणि धाकटा नातू. नातवाने वही काढली व ‘नाव, गाव, फळ, फूल’ हा खेळ सुरू झाला. अक्षर निघाले ‘प’. गावाच्या रकान्यात तिघांनीही पळस्पेच लिहिले, त्यामुळे गुण वाटून घ्यावे लागले. चिडून नातवाने पाचवा रकाना आखला : पदार्थ. जगातील कोणताही चालेल, मात्र तो आपल्या घरात खाता आला पाहिजे, अशी अट त्याने घातली.

त्याने ती सहज घातली असेल. थोरलीला ती सहज नव्हती. सप्टेंबरात ती पुढील शिक्षणासाठी इटलीतील बोलोन्या येथे जावयाची होती. ज्या विद्यापीठाची स्थापना परंपरेने 1088 सालची मानली जाते, तेथे प्रवेश मिळाल्याचा आनंद घरात होताच; पण पोर तेथे खाणार काय, हा प्रश्न त्या आनंदाच्या मागोमाग येऊन बसला होता. कोणी तो मोठ्याने विचारीत नव्हते, इतकेच.

सौभाग्यवतींनी पापड, पुरणपोळी, पानकी आणि पात्रा अशी चार नावे एका दमात सांगितली. नातवाने पिझ्झा आणि पास्ता लिहिला. मी म्हणालो, पिंपळी. “आजोबा, तो मसाला आहे, पदार्थ नाही,” असे म्हणून मला शून्य गुण देण्यात आले. निकाल योग्य होता. परंतु भुसार-किराण्याच्या दुकानात चाळीस वर्षे काढलेल्या माणसास पिंपळीचा अपमान सोसवत नाही. संस्कृतातील ‘पिप्पली’ व्यापाऱ्यांबरोबर पश्चिमेस गेली, ग्रीकांकडे ‘पेपेरी’ झाली, रोमनांकडे ‘पिपेर’ झाली, आणि पुढे ते नाव काळ्या मिरीस चिकटले. इटलीत आजही मिरीला ‘पेपे’ म्हणतात. म्हणजे तेथील प्रत्येक भोजनगृहाच्या टेबलावर आपल्या गोणीतून गेलेला एक शब्द ठेवलेला असतो. नातीला हे आवडले. नातवाने गुण मात्र दिले नाहीत.

लग्न आटोपून परतल्यावर तो रकाना आम्ही दोघांनी पुन्हा उघडला. ती भ्रमणध्वनीवर शोधी, मी रोजमेळाच्या जुन्या वहीत लिही. माल नावावर घेऊ नये, नमुना पाहून घ्यावा, हे वडिलांनी मला शिकविले होते. ‘प’च्या मालाचे नमुने पाहू लागलो तेव्हा अनेक नावे पारखीत टिकली नाहीत.

पिआदिना हे त्यांतील पहिले. बोलोन्याच्या पूर्वेस रोमान्या नावाचा भाग आहे, तेथील ही भाकरी. गव्हाचे पीठ, पाणी, मीठ. लाटून तव्यावर भाजतात. चित्र पाहून सौ. म्हणाल्या, “अगं, ही तर आपली पोळीच!” नातीने घटक वाचले. परंपरेने पिआदिनाच्या पिठात मोहन म्हणून डुकराची चरबी घालतात. तिला ‘स्त्रुत्तो’ म्हणतात. ऑलिव्हचे तेल घालून केलेलीही मिळते, पण ती विचारून घ्यावी लागते. सौ. बराच वेळ त्या चित्राकडे पाहत होत्या. इतकी ओळखीची दिसणारी वस्तू आतून इतकी परकी निघावी, याचा त्यांना धक्का बसला होता.

पार्मिजानो हे चीज पार्मा गावच्या नावाचे. दूध, मीठ आणि रेनेट, एवढेच त्याचे घटक. पैकी रेनेट म्हणजे वासराच्या जठरातून, अर्थात त्याच्या वधानंतर, मिळविलेले विरजण. अस्सल पार्मिजानोस दुसरे विरजण नियमाने चालतच नाही. येथे अस्सल मालच आपल्या उपयोगाचा नाही, ही व्यापाऱ्यास चमत्कारिक वाटणारी गोष्ट. पेकोरिनो मेंढीच्या दुधाचे. त्यास परंपरेने कोकराचे रेनेट. पान्ना कोत्ता म्हणजे शिजविलेली साय, ऐकावयास बासुंदीची बहीण. पण ती थिजते जिलेटिनने, आणि जिलेटिन जनावरांच्या कातड्यापासून व हाडांपासून निघते. पेस्तो ही जेनोव्हाची हिरवी चटणी. तुळशीच्या जातीची पाने, चिलगोज्यासारखे बी आणि तेल येथवर सारे ठीक, पुढे लसूण आणि वर सांगितलेली दोन्ही चीजे. यांच्या शेजारी आपले पनीर ठेवून पाहावे. लिंबाच्या रसाने फाडलेले दूध, फडक्यात बांधलेले. कोणाच्या जिवाची त्यास गरज पडत नाही.

पास्त्याविषयी मात्र माझे मत सुधारले. सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा व पाण्याचाच असावा, असा इटलीत 1967 पासून कायदा आहे. आपल्याकडील बन्सी गहू त्याच जातीचा, आणि आपल्या शेवयांना तो चालतो हे जुन्या दुकानदारांस ठाऊक आहे. तेव्हा कोरडा पास्ता म्हणजे दूरची शेवई. बोलोन्यात मात्र ओल्या पास्त्याची प्रथा मोठी आणि त्यात अंडे असते. ‘उओवो’ म्हणजे अंडे, हा शब्द वहीत तांबड्या शाईने गेला.

तांबड्या शाईचे आणखी दोन शब्द सांगतो. ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी उतरवून घ्यावेत. ‘आल्यो’ म्हणजे लसूण आणि ‘काल्यो’ म्हणजे रेनेट. एका व्यंजनाचा फरक, दोन्ही आपणास वर्ज्य. ‘काल्यो’पुढे ‘वेजेताले’ असा शब्द असेल तर ते विरजण वनस्पतीचे. आपल्याकडे वेष्टनावर हिरवा ठिपका पाहून आपण निर्धास्त होतो. तेथे तसा सक्तीचा ठिपका नाही. वाचता येणे हीच तेथली हिरवी खूण.

नातीने हे सर्व पाठ केले, आणि मग एका दुपारी मला पकडले. वैशाखाचे ऊन होते, गच्चीवर साबुदाण्याचे पापड वाळत होते. “आजोबा, काल्यो वाचायला मला शिकवता, मग साबुदाण्याच्या पोत्यावर काय लिहिलेले असते?”

काय लिहिलेले असते ते मला चांगले ठाऊक होते. सेलमकडून येणारी ती पोती मी जन्मभर उतरवून घेतली. साबुदाणा टॅपिओकाच्या कंदातील पिठाचा करतात. तो कंद जमिनीखाली वाढतो. बटाटा आमच्या उंबऱ्याच्या आत आला नाही, कांदा आला नाही, अलिबागचा तो सुप्रसिद्ध पांढरा कांदाही (तोही ‘प’चाच) पाहुण्यांनी दिला तर शेजारी गेला; साबुदाणा मात्र पांढरा, गोल, स्वच्छ, म्हणून सरळ डब्यात. यावर दोन मते आहेत. सुंठ आणि हळद वाळल्यावर चालतात, तसाच हाही, असे काही म्हणतात. कंद तो कंद, असे काही म्हणतात. मी पहिले मत मांडू लागलो आणि मध्येच थांबलो. ज्या मालावर माझे घर चालले त्याच्या निर्दोषपणाची ग्वाही मीच द्यावी, हे मला बरे दिसेना. “महाराजसाहेबांना विचारू,” असे म्हणून वेळ मारून नेली. सौ. काही बोलल्या नाहीत. त्यांनी वाळलेले पापड उतरवून डब्यात भरले आणि दुसऱ्या दिवशी पेणहून पोह्याचे पीठ मागविले. तेव्हापासून घरात साबुदाण्याचे पापड घातलेले नाहीत. निर्णय असा कोणी घेतला नाही. डबा संपला तो पुन्हा भरला गेला नाही.

पापडावरून आठवले. मुंबईत गिरगावातील सात गुजराती गृहिणींनी 15 मार्च 1959 रोजी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटावयास आरंभ केला आणि पहिल्या दिवशी चार पुड्या झाल्या. त्यातून पुढे लिज्जत उभी राहिली. पर्युषणात हिरवी भाजी बंद झाली की आपल्या घरोघरी पापडाची भाजी होते. तेव्हा या ‘प’चे ऋण मोठे आहे.

एकाच नावाचे दोन पदार्थ पाहावयाचे असतील तर पोई पाहावी. गोव्यात पोई म्हणजे कोंडा लावलेला गोल पाव. पूर्वी तो माडाच्या सुरेने आंबवीत, तेव्हा आपल्याला तो तेथेच सोडावा लागे. हवाई बेटांवर पोई म्हणजे अळूच्या जातीचा कंद शिजवून, कुटून केलेला लगदा. ज्या झाडाचे पान घेऊन आपण पात्रा करतो, त्याच कुळातील झाडाचा कंद ते खातात. पोई म्हटल्यावर नातवाला तिसरीच आठवली : आमच्या दुकानापुढे चैत्रात लागणारी पाणपोई. ती त्याने वहीत लिहिली आणि स्वतःला पूर्ण दहा गुण दिले.

खरे तर जिंकावयास हवी होती ती पोपटी. आपल्या पनवेल-पेण-अलिबाग पट्ट्याबाहेर तिला फारसे कोणी ओळखत नाही. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, मीठ, ओवा असे थर लावून तोंड पाल्याने गच्च बंद करतात, मडके उपडे ठेवून भोवती जाळ करतात. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. इतर लोक त्यात अंडी, कोंबडी, बटाटे घालतात; आमच्या मडक्यात केवळ शेंगा. पोपटी ही शेकोटीभोवतीची, रात्रीची चीज. आम्ही सूर्यास्तापूर्वी जेवणारे, म्हणून आमची पोपटी दुपारी तीनला लागते. भर उन्हात शेकोटी पाहून शेजारी हसतात आणि वास सुटला की येऊन बसतात. यंदा पौषात मडके लागले तेव्हा नात येथे नव्हती.

ती बोलोन्यात रुळली आहे. पोलेंटा तिला सापडला : मक्याचे पीठ पाण्यात घोटून केलेली जाड लापशी, राजस्थानातील मक्याच्या घाटीची सख्खी मावसबहीण. घरी करते, वर तूप आणि ‘पेपे’ घालते. तेलाची पिआदिना करणारे एक दुकानही तिने हुडकून काढले आहे, मात्र चरबीची लाटतात त्याच तव्यावर ती भाजतात की काय याची चौकशी अद्याप चालू आहे. सौभाग्यवतींनी पोह्याच्या पापडांचे पार्सल पाठविले होते. ते पोचले, पण सगळ्यांचा चुरा होऊन पोचले. चुरा तळून पोलेंट्यावर भुरभुरावयास उत्तम लागतो, तेव्हा पुढच्या खेपेस मोडकेच पाठविले तरी चालतील, असे तिने कळविले आहे.