अळी सारखीच दिसते, पण नाव चुकलं तर फवारणी वाया

गोंदिया : बांधीत अळी दिसली की आपला पहिला प्रश्न असतो, "औषध कोणतं मारू?" खरं तर त्याआधी विचारायला हवं, ही कीड नेमकी कोणती?

लष्करी अळीचंच घ्या. धान निसवल्यावर लोंब्या कुरतडणारी लष्करी अळी आपल्याकडे जुनीच आहे. पण मे 2018 मध्ये कर्नाटकात शिवमोग्याला मक्यावर वेगळीच अळी सापडली. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षराची उलटी खूण, शेपटीजवळ चौकोनात चार काळे ठिपके. खुणा अमेरिकेतल्या अळीशी जुळल्या. मग डीएनए तपासला आणि शंका मिटली. तीच ही नवीन लष्करी अळी, म्हणजे फॉल आर्मीवर्म. त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही पोचली.

या तपासणीला किडीच्या अंगाचा छोटा तुकडा पुरतो. त्यातल्या एका ठरावीक जनुकाची सुमारे 650 अक्षरं वाचतात आणि आधीच्या नोंदींशी ताडून बघतात. दुकानातल्या मालावरच्या बारकोडसारखंच हे काम.

याचा आपल्याला उपयोग काय? कामगंध सापळ्यातली गोळी त्या-त्या किडीपुरतीच असते. नाव चुकलं तर सापळा रिकामा राहतो, आणि पतंग कधी आले ते कळतच नाही.

गादमाशीचं प्रकरण आणखी अवघड. डासासारखी ही तांबूस माशी धानात चंदेरी पोंगे करते आणि त्या फुटव्याला लोंबी येत नाही. भारतात तिचे सात जैवप्रकार नोंदले गेले आहेत. दिसायला सगळे सारखे, पण धानाचं कोणतं वाण कोणाला बळी पडतं ते वेगळं. जुन्या भंडारा जिल्ह्याच्या पट्ट्यात चौथा प्रकार नोंदलेला आहे, रायपूरकडे पहिला. म्हणून तिकडे टिकलेलं वाण आपल्या बांधीत टिकेलच असं नाही. इथं नुसते डोळे कामाचे नाहीत. ठरावीक वाणं पेरून बघावी लागतात, आता जोडीला डीएनए तपासणीही आहे.

तेव्हा बियाणं घेताना विचारा, "आपल्या भागातल्या गादमाशीला हे वाण टिकतं का?" अनोळखी अळी दिसली तर डोक्याचा आणि शेपटीचा जवळून फोटो काढा, दोन-चार अळ्या डबीत धरा आणि सहायक कृषी अधिकाऱ्याला किंवा हिवरा इथल्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. औषधाची बाटली त्यानंतर उघडा.