ओळखीचे शब्द, परका मुलूख

१८३१ साली अमेरिकन मराठी मिशनची मंडळी नगरला आली आणि मराठी शिकून इथे रुळली. आता आमच्या जिल्ह्यातले आईबाप मुला-नातवंडांकडे अमेरिकेला जातात. “सर, इंग्रजी येत नाही, कसे व्हायचे?” असे मला विचारतात. मी मराठी शिकवणारा माणूस. मी सांगतो, अनोळखी शब्दाला आपण बिचकतो, म्हणून सावध असतो. फसवतात ते ओळखीचे शब्द!

‘फर्स्ट फ्लोअर’ म्हणजे तिथे बहुधा तळमजला. ‘गॅस’ म्हणजे पेट्रोल. ५/११ म्हणजे ५ नोव्हेंबर नव्हे, ११ मे. म्हणून डॉक्टरांच्या भेटीची तारीख महिन्याच्या नावासकट लिहून घ्यावी. आपल्या पॅरासिटामॉलला तिकडे ‘अ‍ॅसिटामिनोफेन’ म्हणतात. औषधे निराळी समजून दोन्ही घेतलीत, तर मात्रा दुप्पट होऊन यकृतावर बेतायची.

वाहने उजवीकडून चालतात. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहावे. वीज १२० व्होल्टची, तेव्हा इथला मिक्सर इथेच राहू द्यावा. दुकानातल्या किमतीत विक्रीकर सहसा धरलेला नसतो. चार डॉलर जास्त जवळ असावेत.

आणि एक. मुलगा-सून कामावर गेलेली, घरात तुम्ही दोघेच, अशा वेळी छातीत दुखू लागले तर? फोन ९११ ला करायचा. घराचा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून फोनपाशी ठेवावा आणि पहिल्याच दिवशी तो मोठ्याने वाचून पाहावा. तेवढे इंग्रजी आले की पुष्कळ झाले. बाकीचे नातवंडे शिकवतील.