घट्ट म्हणजे पक्के नव्हे!



कापूस घरात आला की आपण भावाची चर्चा करतो, ओलाव्याची करतो, काट्याची करतो. पण वर्षाची कमाई ज्या जुन्या ट्रकवर लादतो, त्याच्या पुढच्या चाकाची चर्चा कोणी करत नाही. ‘ते गाडीमालकाचे काम’ म्हणून आपण मोकळे होतो.

आमचे म्हणणे आहे की हे आपलेही काम आहे. गाडी वाटेत बसली तर मालकाचे भाडे बुडते, पण माल आपला उघड्यावर पडतो. सीसीआय ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव देते, १२ टक्क्यांपर्यंत कपात करते आणि त्यापुढचा कापूस घेतच नाही. एका रात्रीचे दव किंवा एक अवकाळी सर हा हिशेब फिरवायला पुरेशी आहे. शिवाय गाडीत ड्रायव्हर असतो, गाठोड्यांवर आपलीच पोरे बसलेली असतात. चाक निखळले तर नुकसान कापसापुरते राहत नाही.

जुन्या ट्रकच्या पुढच्या प्रत्येक चाकात दोन बेअरिंगे असतात. आतले मोठे, बाहेरचे लहान. दोन्हींचे रोलर निमुळते, म्हणून नट किती आवळला यावर सारे अवलंबून. ढिले राहिले तर चाक डुलते, टायर नीट झिजत नाही, सील खराब होऊन ग्रीस ब्रेकच्या लायनरवर जाते. जास्त आवळले तर त्याहून वाईट. ग्रीस वितळते, रोलर निळे पडतात, बेअरिंग जाम होते. तरीही लांब पान्यावर उभा राहून नट आवळणारा मिस्त्री आपल्याकडे ‘पक्का’ ठरतो! बैलगाडीच्या चाकाला आसावर थोडी मोकळीक लागते, हे ज्याला ठाऊक आहे त्याने तरी या समजुतीला भुलू नये.

तपासणी अवघड नाही. गाडी कडक जमिनीवर घ्या, मागच्या चाकांना दगड लावा, नुसत्या जॅकवर भरवसा न ठेवता खाली लाकडी ठोकळे द्या. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ थांबला तर दोष बेअरिंगचा, तसाच राहिला तर बहुधा किंगपिनचा. चाक फिरवताना घरघर आली तर हब खोला. बेअरिंग डिझेलने धुवा. रोलरवर खड्डे, ओरखडे, निळसर डाग दिसले तर बदला. बदलताना हबमधला कपही बदला. जुन्या कपात नवे बेअरिंग म्हणजे बचत नव्हे, पुढच्या खर्चाची पेरणी आहे. सील आणि स्प्लिट पिनही नवीच हवी. ग्रीस व्हील बेअरिंगचेच घ्या आणि तळहातावर घेऊन रोलरमधून बाहेर येईपर्यंत दाबून भरा. वरून थापलेले ग्रीस कामाचे नाही.

आता आवळणे. चाक फिरवत फिरवत नट आवळा, म्हणजे रोलर जागी बसतात. मग नट सैल करा, पुन्हा हलका टेकवा आणि किंचित मागे घ्या. पिनचे भोक जुळले नाही तर सैल करून खाच जुळवा, आवळून नव्हे. चाक मोकळे फिरावे, खेळ हाताला जेमतेम जाणवावा. नेमके माप त्या गाडीच्या पुस्तकात असते, तेच धरा. मग १०-१५ किलोमीटर रिकामी गाडी फिरवून हबजवळ हात न्या. एका बाजूचा हब दुसऱ्यापेक्षा जास्त तापला तर पुन्हा खोला.

भाड्यात घासाघीस करायची आणि बेअरिंग कधी भरले ते विचारायचे नाही, हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे. दसऱ्यापूर्वी हा प्रश्न प्रत्येक गाडीमालकाला विचारा. ज्या गावांनी मिळून जुनी गाडी घेतली आहे, त्यांनी हे काम शिकलेली दोन पोरे गावातच तयार करावीत. आणि पुढच्या जिल्हा बैठकीत एखादा जुना हब आणून सर्वांसमोर खोलावा. भाषण एक कमी झाले तरी चालेल!